दोन कोटी वर्षांची कालवं

कुवेतच्या धक्क्यावर उतरलो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. बोटीत पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं होतं, आणि वर हे धुळीचं वादळ! आमच्या गावचे दाऊदभाई न्यायला आले होते. शहरातल्या हवल्ली भागात त्यांचं किराणा दुकान, मागे राहायच्या खोल्या. मला दिलेली खोली पाहून मी पहिल्याच सकाळी करवादलो, "भिंती आहेत की तव्याची बुडं?" दाऊदभाईंनी भिंतीवर बोट फिरवून काजळी पाहिली आणि हसले.

मी रत्नागिरीत कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. आमच्याकडे सगळा जांभा आणि काळा कातळ; त्यात जीवाश्म कुठून मिळणार? मुलं पुस्तकातलं चित्र गिरवून पास होतात, याची मला मनस्वी चीड आहे. त्यांच्या हातात खरं काही द्यावं, म्हणून प्राचार्यांची बोलणी खाऊन मी इथवर आलो होतो.

दाऊदभाईंच्या गाडीतून जहरा गावाच्या पुढचा जाल (उंच कडा) गाठला. एका थरात नुसती जीवाश्म झालेली कालवंच कालवं! मायोसीन काळात, म्हणजे दोन कोटी वर्षांपूर्वी, इथे उथळ, कोमट समुद्र होता. मागच्या नद्यांवर चार सुळ्यांचे हत्ती पाणी पीत असतील. माणूस नावाचा उपद्रवी प्राणी अजून जन्मायचा होता. दोन्ही शिंपा घट्ट मिटलेलं एक कालव तळहातावर घेतलं आणि माझा राग कुठच्या कुठे गेला. खुबूस (तंदूरची रोटी) आणि तळलेला मासा खाऊन पोतंभर कालवं गोळा केली.

"कशाला येवढी, मास्तर?" दाऊदभाईंनी विचारलं.

"कामाची आहेत. जपून ठेवा," मी तुटकपणे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अहमदीची दगडखाण पाहून परतलो, तर खोली पांढरीशुभ्र.

"बघा मास्तर! हायत का आता तव्याची बुडं?"

"छान. माझं पोतं कुठाय?"

दाऊदभाईंनी फोड आलेला हात भिंतीकडे केला. परसात तेलाचं पिंप अजून धुमसत होतं. कोकणात शिंपा भाजून चुना काढतात, आणि दाऊदभाईंच्या घरची तर पिढीजात चुनाभट्टी!

"भिंतींसाठीच आणलीत ना? बाजारचा चुना पावण्याला बरा नाय दिसत."

"अहो, दोन कोटी वर्षांची होती ती!" मी ओरडलो.

"तरीच," ते भाबडेपणाने म्हणाले, "पटकन भाजली."

सकाळी बोट होती. पुन्हा जालवर जाणं शक्यच नव्हतं.

आता घरी बसून हे लिहितोय. समुद्र हटला, वाळू चढली, तरी कालवं टिकली. एका भल्या माणसाच्या पाहुणचारापुढे मात्र दिवसभरही टिकली नाहीत. मुलं पुन्हा चित्रच गिरवणार. माझ्यासाठी हाताला फोड येईस्तोवर आजवर कुणी खपलं नव्हतं. त्यापेक्षा दाऊदभाईंनी मला सरळ लुबाडलं असतं, तर मनसोक्त भांडता तरी आलं असतं.