भिंतफोडी

तिने ट्रॅक्टर घालून शेडची भिंत पाडली, त्याला बरीच वर्षं झाली. भिंत पुन्हा उभी राहिली, पण नाव काही पुसलं गेलं नाही. दिरापासून पुतण्यापर्यंत सगळे तिला भिंतफोडी म्हणायचे. नवरा तर अजूनही विचारायचा, "काय गं, भिंत तुझ्याकडे चालत आली होती का?" तीही हसायची. हसण्यावारी नेलं नाही तर घरात राहायचं कसं? पण ट्रॅक्टरला तिने पुन्हा हात लावला नव्हता.

आता नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तो ड्रायव्हर ठेवायच्या गोष्टी करत होता.

"ड्रायव्हर कशाला? मी चालवीन की," ती म्हणाली.

"आधी स्टेअरिंगचा ढिलेपणा काढू. मग बघू."

त्याच्या 'मग बघू'चा अर्थ ती चांगली ओळखून होती.

त्याला वाकता येईना. म्हणून तो सीटवर बसून स्टेअरिंग हलवत राहिला आणि ती चाकांना दगड लावून ट्रॅक्टरखाली शिरली. चाकं हलायच्या आधी स्टेअरिंग पाव फेरा नुसतंच फिरत होतं. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटवर तिने हात ठेवला, तर तो बोटांखाली खडखडत होता. नटाच्या पिनेच्या जागी गंजका खिळा.

"अहो, हा खिळा कुणी ठोकला?"

"मीच. तात्पुरता."

"कधी?"

वर स्टेअरिंग हलायचं थांबलं. "तुझ्या त्या भिंतीच्या आधी."

म्हणजे त्या दिवशीही स्टेअरिंग असंच नुसतं फिरलं होतं. तिला राग आला, रडूही आलं. मग तिने हातोडीने तो जॉइंट असा काही ठोकला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. जुना जितके आटे फिरून निघाला, तितकेच आटे फिरवून तिने आणून ठेवलेला नवा बसवला. नट आवळला, नवी पिन घालून टोकं दुमडली.

"आधी मी बघतो," म्हणत त्याने ट्रॅक्टर सुरू केला. पण हाताला जुनी सवय. वळताना पाव फेरा जास्तच दिला, आणि ट्रॅक्टर थेट त्याच भिंतीला भिडला. चार विटा ढासळल्या.

इतक्या वर्षांचं वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याचा पडलेला चेहरा बघून तिने ते गिळलं.

"आली बघ चालत," तोच म्हणाला आणि लंगडत खाली उतरला.

"मग, ड्रायव्हर शोधायचा?"

"चढ वर. मी भिंत धरून ठेवतो."