छत्री चिन्ह आणि ओढ्याकाठची वस्ती

निवडणूक जिंकलेल्या माणसाला पुढं कामं असतात. हरलेल्याकडं किस्से उरतात. आमची तर अख्खी टीमच हरलेली, त्यामुळं इंदापुरात कुणी 'अक्काची निवडणूक' असं नुसतं म्हटलं की चहा येईपर्यंत आमचे दोन किस्से होऊन जातात, आणि तिसऱ्याला चहा थंड होतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. नगरपालिकेत बायकांसाठी राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या. आमच्या वॉर्डात ओढ्याच्या काठानं विजापूरकडच्या लोकांची वस्ती होती. कॅनॉलच्या आणि रस्त्याच्या कामावर आलेली, दगड फोडणारी, कानडी बोलणारी माणसं. कामं संपली, ती राहिली. पोरं आमच्याच शाळेत जायला लागली. आणि एकाएकी भाऊसाहेब नावाच्या कॉन्ट्रॅक्टरनं भाषणं सुरू केली, की हे परके लोक हलवा, तिथं शॉपिंग सेंटर करू. जागा राखीव म्हणून त्यांनी बायकोला, सुनंदाबाईंना, उभं केलं.

त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आमच्या अक्का. अक्कांची पिठाची गिरणी वस्तीला लागूनच. त्यांचा नवरा गेला त्या दिवशी त्याला बाजेवर घालून दवाखान्यापर्यंत पळत नेणारी माणसं ओढ्याकाठचीच होती. "ही लोकं गेली तर शेजार कुणाचा करू, शॉपिंग सेंटरचा?" एवढंच बोलून त्या अर्ज भरायला निघाल्या.

टीम म्हणजे तीन माणसं. मी, माझा फोटो स्टुडिओ होता. लतीफ, सायकल दुकानवाला. आणि तात्या, मूळचे निरवांगीचे, एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर.

*

पत्रकासाठी फोटो काढायचा होता. अक्का गिरणीतून तशाच आल्या, भुवयांवर पीठ. मी म्हटलं, "अक्का, जरा हसा."

"कशाला?"

"चांगलं दिसतं."

"मला मत मागायचं हाय, स्थळ न्हाय."

तोच फोटो छापला. बारामतीच्या प्रेसवाल्यानं पांढऱ्या भुवया पाहून म्हटलं, "बाई बऱ्याच वयस्कर दिसतात हो." लतीफ म्हणाला, "अनुभवी म्हणा."

*

चिन्ह मिळालं छत्री. आमच्या तालुक्यात पाऊस कसा पडतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला आमचं दुःख कळेल. पहिल्याच घरी एक म्हातारी म्हणाली, "हितं थेंब न्हाय आन् छत्री काय करू?"

अक्का म्हणाल्या, "आज्जी, ऊन हाय का?"

"हाय की."

"मग?"

म्हातारी विचारात पडली. आम्ही पुढच्या घरी सटकलो.

*

लतीफच्या डोक्यातून आयडिया निघाली, की वस्तीसाठी कानडीतून प्रचार करायचा. वस्तीतल्या मल्लाप्पाला स्टुडिओत बसवलं आणि टेप रेकॉर्डरसमोर म्हटलं, "अक्कांबद्दल बोल." मल्लाप्पा इतका जीव ओतून बोलला की शेवटी त्यानं डोळे पुसले. आमच्यात कानडी कुणालाच येत नव्हती. तात्या मात्र विजापूरच्या गाडीवर होते, त्यामुळं येत असल्यासारखी मान हलवत राहिले. "भाषण टॉप झालंय," म्हणाले.

रिक्षावर कर्णा बांधून कॅसेट गावभर फिरवली. दुपारी बाजाराच्या बाजूनं कानडी समजणारी एक बाई आली, हातात दोरी, दोरीला बकरी. तिनं बकरी गिरणीच्या खांबाला बांधली आणि म्हणाली, "घ्या बाई. सकाळपास्नं तुमची रिक्षा वरडतीया. एक कान तुटका, कपाळावर पांढरा ठिपका. हीच ना?"

लतीफनं मल्लाप्पाला गाठलं. "अरे, तुला प्रचार करायला सांगितला होता."

"केला की," मल्लाप्पा शांतपणे म्हणाला. "माझी हरवलेली बकरी घावली तर अक्काच्याच गिरणीवर आणून बांधा म्हणलं. अक्कासारखं भरवशाचं माणूस गावात न्हाय, असं बी म्हणलं."

खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या प्रचारात अक्कांबद्दल याच्यापेक्षा चांगलं कुणी बोललं नाही. कॅसेट आम्ही चालूच ठेवली.

*

धनगर आळीतली बैठक अवघड होती. तिथले लोक आमचेच, पण भाऊसाहेबांचं भाषण त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. एक आबा उठून म्हणाले, "ती कर्नाटकातली माणसं. त्यांच्यासाठी आमी का मत द्यायचं?"

तात्या उभे राहिले. "आबा, आपला बिरोबा. त्याला ती लोकं काय म्हणत्यात?"

"बिरप्पा."

"देव एकच का दोन?"

"एकच की."

"मग आधी देवाला इचारा, तू हितला का तितला. त्याला हलवा, मग ह्यांना हलवू."

सगळी आळी हसली. आबा हसले नाहीत. म्हणाले, "देवाचं मत हाय का वॉर्डात?"

तात्या खाली बसले. नंतर मला म्हणाले, "ह्या माणसानं आमदार व्हायला पायजे हुतं."

*

भाऊसाहेबांची सभा झाली तेव्हा आम्ही लांब उभं राहून ऐकत होतो. "परक्यांना हाकला" म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहतो तर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतोय मल्लाप्पा, आणि मागं अर्धी वस्ती.

सभेनंतर लतीफ त्याच्यावर तडकला. "तुलाच हाकला म्हणतायत आणि तू टाळ्या वाजवतोस?"

"पुरीभाजी वाढायची थांबली हुती," मल्लाप्पा म्हणाला. "टाळ्या झाल्याबिगर भाषण संपत न्हाय."

*

मतदानाच्या आधीच नगरपालिकेचा ट्रॅक्टर वस्तीवर आला. बरोबर अतिक्रमणवाले साहेब आणि पोलीस. वरून कुणाचा फोन आला होता, ते आम्हीही विचारलं नाही. बायका भांडी बाहेर काढायला लागल्या, पोरं रडायला लागली. इथं मात्र मला काही सुचेना. आमच्याकडं ना वकील, ना पुढारी.

अक्का गिरणीतून आल्या, ट्रॅक्टरच्या चाकासमोर दळणाचा डबा पालथा घातला आणि त्यावर बसल्या. मागून दळणाला आलेल्या बायका येत गेल्या आणि आपापल्या डब्यावर बसत गेल्या. वस्तीतल्या नव्हेत, गावातल्या. काहींना तर बसल्यावर विचारावं लागलं की भानगड काय आहे.

साहेब म्हणाले, "बाई, सरकारी कामात अडथळा येतोय."

"न्हाय साहेब, तुमी काम करा," अक्का म्हणाल्या. "फक्त वैनींना निरोप द्या. तुमच्या घरचं दळण माझ्याकडं पडलंय. आता मी हितनं उठंस्तवर ते काय व्हायचं न्हाय."

साहेबांनी त्या डब्यांवरून एकदा नजर फिरवली. मग ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडं वळून म्हणाले, "डिझेल आहे का रे?"

ड्रायव्हर हुशार. "न्हाय साहेब, संपत आलंय."

ट्रॅक्टर मात्र परत जाताना चांगला जोरात गेला.

*

एवढं करून आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. सुनंदाबाई नगरसेविका झाल्या. दुसऱ्या दिवशी वस्तीत लोक बोचकी बांधत होते. मल्लाप्पा पत्रे उचकटत होता. अक्कांनी त्याच्या हातातला पत्रा धरला. म्हणाल्या, "आज ठोकून ठेव ते पत्रे. नगरपालिकेची मीटिंग तर होऊ दे."

पहिल्याच मीटिंगला वस्ती हलवण्याचा ठराव आला. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. आमच्या पुढच्याच खुर्चीवर भाऊसाहेब, पांढरे कडक कपडे. सुनंदाबाई सभागृहात डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून. लग्न होऊन आल्यापासून चार माणसांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

हात वर झाले. सुनंदाबाईंचा झाला नाही. भाऊसाहेब खुर्चीच्या कडेला आले आणि स्वतःचाच हात वर करून दाखवायला लागले. सुनंदाबाईंनी वळून त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"ठरावाच्या विरोधात?"

सुनंदाबाईंनी हात वर केला. चांगला कोपर ताठ करून. क्लार्कनं पुन्हा मोजलं. त्या एका हातानं ठराव पडला.

अक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

बाहेर आल्यावर जीपपाशी भाऊसाहेबांनी बायकोला विचारलं, "हे काय करून बसलीस?"

सुनंदाबाई म्हणाल्या, "तुमीच हात वर कर म्हणत हुता की."

आणि त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. भाऊसाहेब मागं जाऊन बसले.