टीचरांची वेगळी चूल

आमच्या टीचर दुसऱ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. तुमचा प्रोग्राम अडू दे, तुम्ही रडकुंडीला या, त्या आपल्या मागे हात बांधून उभ्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मालवणात घराच्या पडवीत कॉम्प्युटरचा वर्ग काढला होता. मी मासे विकणारी बाई, सातवी शिकलेली, पन्नाशी उलटलेली. तिथे पायथन शिकले म्हटलं तर अजून कोणाला खरं वाटत नाही. न वाटू दे.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "खंय उभी आसस?" म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये, कुठलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करून बसली आहेस. निम्म्या वेळा उत्तर देतानाच चूक सापडायची. ते लांबलचक नाव माझ्या जिभेवर बसेना, तेव्हा म्हणाल्या, "चूल म्हण. दर प्रोग्रामाची चूल येगळी. दोन जावा एका चुलीर रांधूक लागल्यो काय झगडो आसाच." एका प्रोग्रामला जुनी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचं सामान, लागते, दुसऱ्याला नवी. त्या दिवशी समजलं ते कायमचं.

आमच्या मासेवाल्या बायकांच्या गटाला बर्फाची खोली हवी होती. बर्फावाचून किती मासळी नासते, ते ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीतल्या साहेबांना दाखवायला मी प्रोग्राम केला. सोमवारी जायचं, आणि रविवारी सकाळी गटाच्या नव्या लॅपटॉपवर तो चालेचना! शहाणपणा माझाच. जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं फोल्डर, चुलीसकट, पेनड्राइव्हवर उचलून आणलेलं.

धावत गेले तर टीचरांच्या दारात गाडी. लेकीकडे गोव्याला चालल्या होत्या, कायमच्या.

"टीचर, तुमीच करा. उद्या माझा हसा होतला."

त्यांनी पडद्यावर आलेली एररची ओळ वाचली. "हो पत्तो खंयचो?"

बघते तर जुन्या कॉम्प्युटरचा!

"मातयेची चूल उचलून कोण नव्या घरात नेता, गो? सामानाची यादी ने, चूल थंय नवी घाल."

"तुमका दोन मिनटांचा काम ता!"

"माझे हात गोंयाक चल्ले. तुझे हंयसरच रवतले." आणि गाडीत बसल्या की हो!

मी पडवीच्या पायरीवरच बसले. आणलेली चूल पुसून टाकली, नवी घातली. लायब्ऱ्यांची यादी टीचर प्रत्येक प्रोग्रामसोबत लिहायलाच लावत, तिच्यावरून सगळं पुन्हा भरलं. एकदा चूल चालू करायचीच विसरले. तिसऱ्या खेपेला प्रोग्राम धावला. मान वर केली तर गाडी अजून कुंपणाच्या गडग्यापाशी उभी. मी हात हलवला, तेव्हा सुटली.

बर्फाची खोली झाली, आज आमचे बांगडे तिथेच असतात. त्या सोमवारी ओरोसला साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "हे कोणी तयार केलं?" टीचरांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते आत ठेवलं आणि म्हटलं, "मी."