काचेतला भैरू

भोरच्या एस.टी. स्टँडाजवळच्या हनुमंत फोटोवाल्याला कुणी म्हटलं, "जरा पोराला सरळ बसवा हो," की त्याचं डोकं फिरायचं. "बसवायला तो काय गणपती आहे का?" असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर विचारायचा. आईबाप बिचारे पोराला पावडर थापून, नव्या शर्टात कोंबून घेऊन यायचे आणि हा बाबा म्हणायचा, "चला, बाहेर चला." मग कधी आंबवड्याचा झुलता पूल, कधी कुणाच्या खळ्यातली पेंढ्याची गंज. पोरं मोकाट सोडायची आणि आपण मागं पळायचं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं, पण पोरांसाठी करडासारखा बें बें करायचा, चिखलात उताणा पडायचा, पोरानं तोंडावर माती फेकली तर खूश व्हायचा. पोराचं आपल्याकडं लक्ष नसतं तेव्हाच खरा फोटो निघतो, असं त्याचं म्हणणं. आणि निघायचाही, त्यात वाद नाही.

एक खोड मात्र होती. कॉम्प्युटरपुढं बसला की त्याचा हात आवरत नसे. शेंबूड, डास चावल्याचा फोड, गालावरचा ओरखडा, दिसेल ते पुसून टाकायचा. फोटो कसा लख्ख हवा!

गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात चार घरांची धनगरवस्ती आहे. तिथल्या आक्काबाईंच्या नातवाचं, भैरूचं, जावळ निघालं. पहिले केस काढायचे म्हणजे बकरं कापणं आलं, पैपाहुणे आले, आणि आता फोटोही आलेच. भैरूची आई, आक्काबाईंची सून धनश्री, हिनं हनुमंताला बोलावलं. भैरू तिसऱ्या वर्षातला, नाव भैरवनाथ, पायाला भिंगरी. सकाळपासून त्यानं पाणी सांडलं, कोंबडीला टोपलीत कोंडलं, नाभिकाची वाटी पळवली. मामाच्या मांडीवर कसाबसा बसवला, अर्धं डोकं भादरून झालं, आणि गडी निसटला! निम्मं डोकं तुळतुळीत, निम्म्यावर जावळ, अंगात नुसतं झबलं, असा शेरडांच्या कळपात घुसला. मागं मामा, त्याच्या मागं नाभिक, त्याच्या मागं धापा टाकणारा हनुमंत. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या पळापळीत हनुमंताला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मिळाला. करडाचा कान धरून भैरू मागं वळून बघतोय, दोन्ही पाय जमिनीपासून वर, तोंडभर हसू. आणि उजव्या गालावर आक्काबाईंनी लावलेली काजळाची तीट.

घरी आल्यावर हनुमंतानं कॉम्प्युटरवर भैरूच्या गालावरचा ओरखडा पुसला. त्याच झटक्यात तीटही पुसली. ती तीट आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही, त्याच्या आईनंही त्याला लावलीच होती की! पण हाताला सवय लागली की डोक्याला कोण विचारतंय? फोटो लख्ख झाला. इतका लख्ख, की त्यानं तो हातभर मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. वस्तीवर कुणाला विचारलं? छे! विचारायचं काय त्यात, असं त्याला वाटलं.

स्टँडावर उतरणारा माणूस काचेपाशी थांबायला लागला. "काय पोरगं आहे हो!" म्हणायला लागला. शिवऱ्याचा एक हॉटेलवाला तर नातवंडांना घेऊनच आला, म्हणाला, "आमचे असेच काढा." हनुमंताचा धंदा जोरात चालला.

आठवड्याच्या बाजाराला आक्काबाई भोरात आल्या आणि काचेसमोर उभ्या राहिल्या. आधी हरखल्या. मग अगदी जवळ जाऊन त्यांनी काचेवर हात ठेवला.

"हनुमंता, तीट कुठं हाय रं ह्याची? म्या सोता लावली व्हती."

"साफ केली आज्जी. डाग दिसत होता."

"डाग?" आक्काबाईंचा आवाज चढला. "आरं, आख्खं भोर माझ्या नातवाला डोळं भरून बघतंय, आन् तू त्याला असा उघडा टांगलाय व्हय? काढ त्यो. न्हाई काढायचा तर तीट तरी लाव."

दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. हनुमंतही हसला. "लावतो आज्जी. तुम्ही निवांत बाजार करा."

म्हातारी विश्वासानं गेली. ह्यानं तीट लावली नाही. किती वेळ लागला असता? कपातला चहा निवायच्या आत झालं असतं! पण त्याला ते मनावर घ्यावंसंच वाटलं नाही.

दिवाळी झाली आणि भैरूला ताप भरला. वस्तीवर आधी अंगावरच काढला, मग जीपनं खाली आणला, मग पुण्याला नेला. ताप मेंदूत गेलाय, डॉक्टर म्हणाले. झटके येत होते. एक दिवस दुपारी धनश्रीचा फोन आला.

"दादा, भैरू डोळं उघडत न्हाई. सासूबाईंनी अन्न सोडलंय. त्या म्हणत्यात, तेवढा फोटो खाली घ्या. माझा न्हाई ओ विश्वास. पर घ्या खाली. पाया पडते."

हनुमंतानं फोन खिशात टाकायच्या आत काच उघडली. फोटो उतरवला. बायकोनं, सुलक्षणानं, डबा आणला तर हा जमिनीवर फोटो घेऊन बसलेला, बोटाला काजळ. फोटोतल्या गालावर तीट लावत होता.

"अहो, असं कुठं असतं का?" ती म्हणाली.

"नसतं. मला काय कळत नाही का?" तो तिच्यावर खेकसला आणि परत एकदा बोट टेकवलं.

ताप नजरेनं येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर तो स्वतःला तेच सांगायचा. पण म्हातारीनं एवढंसं मागितलं होतं आणि आपण तिला हसलो, हे काही केल्या मनातून जाईना. बरं, दवाखान्यात जाऊन आला का? नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणत घरातच बसला. राग येतो तो ह्याचाच. अरे, शिव्या खायच्या, पण जायचं!

भैरू वाचला. ही बातमी आली तेव्हा हनुमंतानं सगळ्या दुकानदारांना पेढे वाटले. पुढचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला आक्काबाई आणि धनश्री दुकानात आल्या. भैरू आईच्या कडेवर होता, मान तिच्या खांद्यावर टाकून.

"दादा, दाखल्यासाठी फोटो पायजे," धनश्री म्हणाली. "अपंगाचा दाखला. डॉक्टर म्हणत्यात, व्यायाम दिला तर हळूहळू सुधारंल. दाखला असला की व्यायामाची सोय व्हती."

तिनं त्याला स्टुलावर ठेवला आणि मागून हात लावून धरला. केस दाट वाढले होते. डोळे उघडे होते, ते भिंतीवर एकाच जागी लागलेले.

हनुमंतानं कॅमेरा उचलला आणि बें बें केलं. भैरू हलला नाही. त्यानं टाळ्या वाजवल्या, कॅमेऱ्याआड तोंड लपवून बाहेर काढलं, शेवटी गुडघ्यावर येऊन, हात टेकून, स्टुलाभोवती शेरडासारखा फिरला. पन्नाशीचा माणूस, घामाघूम झालेला. पोराची पापणीसुद्धा लवली नाही. धनश्रीनं तोंडाला पदर लावला.

"हल की रं भैरू," हनुमंत म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "पळ की. पाड की ते स्टूल. फोड माझा कॅमेरा, काय न्हाई म्हणत मी. नुसता हल."

आक्काबाई जवळ आल्या. तो शिव्यांची वाट बघत मान खाली घालून तसाच जमिनीवर बसून राहिला. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"ऊठ बाबा. काढ फोटो. आमची एस.टी. जाईल."

त्यानं डोळे पुसले आणि एकदाच बटण दाबलं. चेहरा समोर, मान सरळ, डोळे उघडे, कुठंही हललेलं नाही. कचेरीत हवा असतो अगदी तसा.

"आला का?" आक्काबाईंनी विचारलं.

"आला," हनुमंत म्हणाला, आणि त्या दोघींच्या देखत, आईच्या पदराला तोंड लावून रडावं तसा, म्हाताऱ्या आक्काबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला.