चार करडांची कातडी

गणपाने मला फसवलं. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप सौदा करताना माझ्या बोकडाच्या बदल्यात मी तीनऐवजी चार करडं ओढली. त्याने लहान निवडून चौघांचं एकूण वजन माझ्या बोकडाइतकंच ठेवलं. मला वाटलं, चाराही तेवढाच लागेल.

आज थंडीत पाहिलं, तर गणपाच्या अंगणात बोकड ऐटीत रवंथ करत होता. माझी करडं मात्र त्याच्या दीडपट खाऊनही कुडकुडत होती.

"वजन जोखलंत, कातडी नाही मोजलीत," बायको हसली.

खरंच. एका मोठ्या अंगाऐवजी चार लहान अंगं आली, की मांस तेवढंच राहतं आणि कातडी वाढते. ऊब जाते ती कातडीतूनच. म्हणून चिमणी दिवसभर टिपत असते आणि हत्तीला कान हलवून अंग निववावं लागतं.

गारठून एखादं दगावेल म्हणून मी पोती आणायला धावलो. परतलो तर चौघं एकमेकांत शिरून एक गोळा झालेली, थरथर थांबलेली. चार करडांचा एक बोकड! मी मोठ्याने हसलो.

पण राग तसाच आहे. हे सगळं गणपाला आधीच ठाऊक होतं का? त्याने माझ्या तोंडावर उत्तर द्यावं.