दिलीपनं बसवलेलं लॉक

मंडळी, आज दुपारी जेवण गेलं नाई, म्हणून गॅरेज लवकर बंद करून हे लिहाले सायबर कॅफेत आलो.

ज्या ट्रकचं ट्रेलर अडकवायचं लॉक मी चार वर्षं नुसतं कसून देत होतो, तो आज रस्त्यापलीकडच्या दिलीप मिस्त्रीकडे दिसला. त्यानं झिजलेलं लॉक काढून नवीनच बसवलं.

दिलीप जेवाले गेला तसा मी चोरून ट्रेलरखाली वाकलो. पहार घालून लॉक हलवून पाह्यलं. तसूभर हललं नाई.

मागून आवाज आला, "भाऊ, बरं झालं तुम्ही पाह्यलं. आता मले चिंता नाई." दिलीपच होता.

त्यानं शिवी दिली असती तर मले जेवण गेलं असतं. त्याच्या जागी मी असतो तर दिलीच असती. तुम्ही काय केलं असतं?