हाताला कळणारी भिंत

शाळा सुटली तशी देओलिंदा कोबीच्या कारखान्यात लागली. पोर्तुगालमधल्या काल्दास गावात त्याला सगळे कोबीचा कारखानाच म्हणतात, पण तिथे कोबी पिकत नाही की शिजत नाही. तिथे मातीच्या ताटल्या, वाडगे, साराची मोठी भांडी होतात. सगळी कोबीच्या पानांच्या आकाराची, शिरा वर उठलेल्या, हिरव्या झिलईत बुडवून भाजलेली. साच्यातून निघालेलं ओलं पान हातात घ्यायचं आणि बारीक कोरणीने त्याच्या शिरा साफ करायच्या, हे देओलिंदाचं काम. अर्धा जन्म तिने हेच केलं आणि कंटाळा आला असं कधी म्हणाली नाही. बाकी सगळ्या गोष्टींबद्दल मात्र म्हणायची. जीभ अशी, की कारखान्यातले पुरुष तिच्या टेबलाजवळून जाताना आधी आपल्या सदऱ्याची बटणं तपासत.

काचबिंदू चोरपावलांनी आला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग हळूहळू मधलं. तिने कुणाला सांगितलं नाही. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांवर भागवत राहिली. पण एका सकाळी तिने फळीभर पानं उलट्या बाजूने कोरली, आणि शेजारच्या बाईने ती मुकाट्याने उचलून मातीच्या पिंपात परत टाकली. ओली माती पिंपात पडल्याचा आवाज देओलिंदाने ओळखला. दुपारी तिने एप्रन सोडून खुंटीला लावला आणि घरी गेली.

घर म्हणजे धाकटी बहीण ग्रासिएत हिचं, फळबाजाराच्या मागच्या गल्लीत. ग्रासिएत विधवा, मुलं फ्रान्सला. बहीण आली याचा तिला आनंदच झाला, पण तो आनंद तिने असा दाखवला, की देओलिंदाला खुर्चीवरून उठू देईना. बटाटे सोलू देईना, कप विसळू देईना.

"मी तुझ्या घरात कोण आहे गं?" देओलिंदाने एकदा विचारलं. "पाहुणी की कुंडी?"

"अगं, कापशील, भाजशील..."

"मग पाणी तरी घाल रोज."

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्याच्या तोंडावर देओलिंदा बहिणीचा दंड धरून कारखान्यात गेली आणि थेट मालकासमोर उभी राहिली. मालक आता एर्मिनियो होता. हा चड्डीत फिरायचा, वाळत घातलेल्या पानांवर बोटं उठवायचा, तेव्हापासून ती त्याला ओळखत होती.

"काम मागायला आले नाही," ती म्हणाली. "माती दे."

"हवी तेवढी न्या, देओलिंदाबाई. पण करणार काय तिचं?"

"खाणार."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ताटल्या करू लागली. पण कोबी नव्हे. कोबी तिला पुरे झाला होता. ताटलीच्या कडेला तारली मासे, अंजिरं, शिंपले. बाजारात जाऊन ती मासे, फळं हाताळायची, कोळिणींच्या शिव्या खायची आणि घरी येऊन मातीत तेच उठवायची. एर्मिनियो ते भाजून द्यायचा. चर्चच्या मंडळातल्या बायकांना हे कळलं आणि मे महिन्याच्या जत्रेत त्यांनी आपल्या मदतीच्या दुकानावर ताटल्या मांडल्या. देओलिंदा मागे स्टुलावर बसली होती. दोघी गिऱ्हाइकं आली.

"घ्यायची का गं?"

"घेऊ या. बिचारीने आंधळेपणी केलीय. मांजराला दूध घालायला होईल."

सगळ्या ताटल्या खपल्या. मंडळाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. देओलिंदाने त्या दुकानावर पुन्हा एकही ताटली दिली नाही, आणि का, ते फक्त ग्रासिएतला सांगितलं. ग्रासिएतच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे आठवडाभरात ते एर्मिनियोला कळलं.

पुढच्या हिवाळ्यात पेनिशहून इवोन नावाची बाई कारखान्यात साराचे वाडगे घ्यायला आली. बंदरावरचं आईबापांचं जुनं हॉटेल ती नव्याने उभं करत होती. वाडगे निवडता निवडता तिने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. नव्या नियमाप्रमाणे ज्यांना दिसत नाही अशा पाहुण्यांनाही खोली सापडली पाहिजे. ठेकेदाराने स्टीलच्या पट्ट्या दाखवल्या होत्या, वर उठलेल्या ठिपक्यांच्या.

"लावायला हरकत नाही हो," इवोन म्हणाली, "पण सगळीकडे त्याच लावल्या, की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आणि माझा बाप म्हातारपणी आंधळा झाला, त्याला ते ठिपके कधी वाचताच आले नाहीत."

एर्मिनियोने गाडीची किल्ली घेतली आणि इवोनला ग्रासिएतच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. टेबलावर एक ताटली होती. इवोनने ती उचलली, डोळे मिटले आणि कडेवरून बोट फिरवलं.

"तारली," ती म्हणाली. "हे अंजीर. अगं बाई, ही त्याच्यावरची मुंगी की काय?"

"मुंगीच," देओलिंदा म्हणाली. "अंजीर चांगलं असलं की असतेच."

तिथल्या तिथे ठरलं. जिन्यापासून प्रत्येक खोलीपर्यंत, हाताच्या उंचीवर, भिंतीला टाइलांचा पट्टा. पहिल्या मजल्यावर शिंपले-खेकडे, दुसऱ्यावर मासे, तिसऱ्यावर फळं. दर दाराशी एक वेगळी वस्तू. साचे आणि भट्टी कारखान्याची, भिंत हॉटेलची, काम देओलिंदाचं. प्रत्येक टाइलमागे तिचा वाटा आणि प्रत्येक टाइलच्या कोपऱ्यात तिच्या नावाचा शिक्का. हे आम्ही उपकार म्हणून करत नाही, असं एर्मिनियोने दोनदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग एकदाच सांग."

इवोनला माहितीपत्रकावर 'अंध कलाकाराच्या हातून' असं छापायचं होतं.

"उद्या तुझ्या स्वयंपाक्याचा पाय मोडला," देओलिंदाने विचारलं, "तर पाटीवर लिहिशील का, लंगड्याच्या हातचं सार?"

इवोन खळखळून हसली आणि तो विषय तिथेच मिटला.

देओलिंदा पुन्हा कारखान्यात जाऊ लागली. जुन्या टेबलाशी बसली आणि जीव ओतून काम केलं. माशाचं एकेक खवलं, खेकड्याच्या नांगीवरचे काटे, अंजिराच्या चिरेतल्या बिया. साचेवाला म्हणाला, असं बारीक काम त्याने जन्मात पाहिलं नाही. ती वरवर फणकारली, पण घरी जाताना गुणगुणत होती. साचे झाले, पहिला घाणा भाजून निघाला, आणि पेनिशच्या हॉटेलात एका भिंतीवर सगळ्या नमुन्यांचा पट्टा लावून पाहायचं ठरलं.

त्या दिवशी इवोनने गावातल्या दोघातिघांना बोलावलं होतं. एक शाळेतल्या बाई, जन्मापासून न दिसणाऱ्या. त्यांनी पट्ट्यावर बोटं ठेवली आणि चालत चालत सगळं सांगितलं: खेकडा, कालवं, शंख, तारली, ही माझी खोली. देओलिंदा मान ताठ करून उभी होती. मग आला जेफेरिनो. सत्तरी ओलांडलेला कोळी, लोक त्याला काका म्हणत. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे नेले होते. त्याने पंजा भिंतीवर ठेवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि थांबला.

"काय लागलं, काका?" इवोनने विचारलं.

"भिंत."

"पण भिंतीवर?"

"भिंतीवर भिंतच. जरा खडबडीत आहे, गिलावा नीट नाही झाला."

देओलिंदाची कानशिलं तापली. "अहो, मासे मारण्यात जन्म गेला ना तुमचा? आणि तारली ओळखू येत नाही?"

"तारली मी ओळखली असती, बाई," म्हातारा शांतपणे म्हणाला. "हात ओळखत नाहीत. डोळे गेले त्याच्या आधी बोटं गेली. दोर ओढून ओढून कातडं झालं, उरलेलं साखरेने खाल्लं. चहा गरम आहे का, तेही मला ओठांना लावून कळतं."

जेफेरिनोने टोपी घातली. कॉफी मिळणार होती, असं कुणीतरी म्हणालं होतं, ती कुठे आहे, असं विचारून तो खाली गेला.

परतीच्या बसमध्ये सोबत आलेल्या ग्रासिएतने विचारलं, "म्हातारा खोटं बोलला का?"

"नाही."

"मग राग कुणाचा आलाय?"

देओलिंदाने खिडकीकडे तोंड फिरवलं. राग कुणाचा ते तिला कळत होतं. डोळे गेलेल्यांचं आपल्याला सगळं कळतं, असं धरून ती चालली होती. पण ती खवलं, त्या बिया, सगळं तिने स्वतःच्याच बोटांसाठी केलं होतं, कोरणीवर घासून घासून शहाणी झालेली बोटं. ती सगळ्यांना नसतात. डोळस ठेकेदाराने स्टीलची पट्टी आणली, हिने मातीची आणली. जेफेरिनोला दोन्ही सारख्याच.

चार दिवस ती कारखान्यात गेली नाही. मग एका सकाळी ग्रासिएतला म्हणाली, "चल पेनिशला. म्हाताऱ्याकडे."

जेफेरिनो बंदरामागच्या चाळवजा घरांच्या रांगेत एकटा राहायचा. तो दुकानातून पाव घेऊन येत होता, तोच या दोघी गल्लीत पोचल्या. ग्रासिएत हळू आवाजात सांगत होती आणि देओलिंदा ऐकत होती: तो भिंतीला घासून चालतोय, कोपर भिंतीला लावून. शेजारच्या दगडी भिंतीवरून कोपर पुढे सरकलं, चुन्याच्या गुळगुळीत भिंतीला लागलं, आणि तो आपल्या दाराशी थांबला.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"तारलीवाली," देओलिंदा म्हणाली.

"आत या. भांडायचं असेल तर बसून भांडू."

भांडण झालं नाही. त्याने कॉफी केली, कप भरल्याचा आवाज ऐकून नेमकी थांबवली. देओलिंदाने त्याचा पंजा मागितला. आधी त्याने टाळलं, मग टेबलावर ठेवला. ती एकेक बोट दाबत गेली, त्याला काही कळत नव्हतं. तळहाताचा मनगटाजवळचा भाग दाबला, तेव्हा तो म्हणाला, "हां, इथे." मग मनगट, मग कोपर. गार काय, ऊन काय, खरखरीत काय, गुळगुळीत काय, हे तिथे सगळं कळत होतं. बारीक काही नाही, पण मोठं आणि ठसठशीत असलं तर पुरेपूर.

"काका," देओलिंदा म्हणाली, "माझ्याबरोबर काम करा. मी करते, तुम्ही नापास करा."

"त्याला कष्ट पडत नाहीत," म्हातारा म्हणाला. "जमेल."

एर्मिनियोने मात्र कपाळावर हात मारला. तयार साचे मोडायचे, पुन्हा करायचे, वर ती जाडजूड आकार मागत होती, मुठीएवढे. "भट्टीत तडकतील, देओलिंदाबाई. एवढी जाड माती आतून सुकत नाही."

तडकले. पहिला घाणा अर्धाअधिक तुकडे होऊन निघाला. इवोनचा फोन आला, ईस्टरला पाहुणे यायचे होते. ती चिडली, मग म्हणाली, ठीक आहे, तोवर एकच मजला उघडते. देओलिंदा, एर्मिनियो आणि साचेवाला एका टेबलाशी बसले आणि तिघांनी मिळून मार्ग काढला. आकार मागून पोकळ करायचा, बदामाच्या टरफलासारखा. दुसरा घाणा शाबूत निघाला. मासे बिनझिलईचे, खरखरीत. शिंपले काचेसारखे गुळगुळीत. फळं गोल, हाताच्या तळव्यात मावतील अशी. खवलं तिने सोडली नाहीत, पण ती माशाच्या पोटाखाली ठेवली. ज्याला सापडतील त्याला सापडतील.

पट्टा हॉटेलच्या भिंतींवर चढला, तेव्हा जेफेरिनोने जिन्याशी कोपर लावलं आणि चालू लागला. "हा शंख. हा खेकडा, नांगी मोडकी आहे का? नाही, आहे शाबूत." मग दुसऱ्या मजल्यावर थांबला. "ही काय तारली? तारली एवढी जाड असते?"

"तुमच्यासाठी केलीय जाड."

"मग लोकांना सांगा, गाभोळी भरलीय पोटात."

त्याने शेवटची खोली हाताने दार न चाचपताच उघडली, तेव्हा इवोनने देओलिंदाचा हात घट्ट धरला.

हॉटेल चाललं. पट्टा ज्यांच्यासाठी केला त्यांना लागलाच, पण तो इतरांनीही घेतला. समुद्रावरून ओल्या अंगाने पळत येणारी पोरं नंबर न बघता 'आमचं अंजीर' म्हणून शिरायची. एकदा वादळात वीज गेली, तेव्हा सगळे पाहुणे भिंतीला हात लावून शांतपणे खोल्यांवर गेले. वाइन जरा जास्त झालेल्या एका गृहस्थांनी सकाळी येऊन खेकड्याचे खास आभार मानले. माहितीपत्रकावर एकच ओळ होती: टाइल – देओलिंदा फ्राझाव.

त्यानंतर एका दवाखान्याने मागणी दिली, मग एका पोहण्याच्या तलावाने. एर्मिनियोने कारखान्याचा उत्तरेकडचा भाग रिकामा केला, उंबरा काढला, वर-खाली होणारी टेबलं आणली. तिथे नेलिया आली, चाकांच्या खुर्चीतली. तिचे हात थरथरतात, म्हणून कुंचला मनगटाला बांधून ती रंग देते, आणि तिच्या रंगाच्या रेषा पाण्यावरच्या उन्हासारख्या हलतात. एका बड्या गिऱ्हाइकाने त्या रेषा यंत्राने सरळ करून द्या म्हटलं, तेव्हा एर्मिनियोनेच त्याला नमस्कार करून वाटेला लावलं.

नेलियाचं आणि देओलिंदाचं रोज वाजतं.

"इतका रंग कशाला? चाटायचाय का?" देओलिंदा म्हणते.

"तुम्हाला दिसत नाही म्हणून जगाने पांढरंच राहायचं का?" नेलिया म्हणते, आणि आणखी एक हात देते.

गुरुवारी पेनिशच्या बसने जेफेरिनो येतो, बांगडे घेऊन. ग्रासिएत ते मागच्या अंगणात निखाऱ्यांवर भाजते, सोबत मक्याचा पाव असतो. जेवण झालं की नव्या टाइला टेबलावर मांडतात. सध्या एका शाळेच्या जिन्याचं काम चाललंय. गेल्या गुरुवारी म्हाताऱ्याने मनगट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मान हलवली.

"कळलं नाही, बाई."

"हा सरडा आहे."

"असेल. मला काकडी लागली."

देओलिंदाने टाइल ओढून घेतली, बोटांनी चाचपली, बराच वेळ. "शेपूट उचलायला हवी," ती म्हणाली, आणि कोरणीसाठी हात पुढे केला.